सोलापुरातून समुद्रावर पक्षी बघायला निघताय? आधी भिंतीवरची तिथी बघा

पहिल्यांदा अलिबागजवळच्या आक्षीला गेलो होतो तेव्हाचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं एवढं लांबण लावून का लिहिलंय ते कळेल. रात्रभर प्रवास करून सकाळी साडेनऊला गळ्यात दुर्बीण अडकवून सुरूच्या बनातनं जवळजवळ पळतच किनाऱ्यावर पोचलो, आणि बघतो तर समुद्रच नाही. म्हणजे होता, पण पार लांब, एक चमकती रेघ नुसती, आणि त्या रेघेवर मुंग्या हलाव्या तसं काहीतरी हलत होतं. तेच माझे पक्षी. चिखलातनं निम्म्यापर्यंत गेलो, चप्पल रुतली, ती उपसून काढेस्तोवर अख्खा थवा उडून आणखी पलीकडं जाऊन बसला. बाजूला जाळं निवडत बसलेल्या एक मावशी हे सगळं बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अरे सुकतीला कशाला मरतोस तिकडं, पाणी चढू दे, पाखरं तुझ्या पायापाशी येतील."

सुकती म्हणजे ओहोटी हेसुद्धा मला तेव्हा कळलं.

आपण सोलापूरची माणसं. आपलं पाणी म्हणजे हिप्परगा, कंबर तलाव, फार तर उजनी, ते उन्हाळ्यात उतरतं आणि पावसाळ्यात चढतं, दिवसातनं दोन-दोनदा नाही. त्यामुळं इथनं जाणारा पक्षीवाला दुर्बीण घेतो, कॅमेरा घेतो, हॉटेल बुक करतो आणि नेमकी भरतीची वेळ बघत नाही. किनाऱ्यावर दुर्मिळ पाहुणा दिसणं न दिसणं यात नशिबापेक्षा त्या वेळेचा वाटा मोठा आहे, माझं तरी तेच मत झालंय.

पहिलं काम घरच्याच तलावावर

समुद्रावर जायच्या आधी निदान एक हिवाळा इथं काढा. "दुर्मिळ पक्षी कसा ओळखायचा" असं बरेच जण विचारतात, तर त्याचं उत्तर असं की आधी नेहमीचे पक्षी झोपेत ओळखता आले पाहिजेत, मग वेगळा आपोआप खटकतो. चार-पाचशे पक्ष्यांच्या थव्यात एकच वेगळा बसलेला असतो, आणि बाकीचे चारशे नव्व्याण्णव कोण आहेत हे माहीत नसेल तर तो वेगळाही त्यांच्यातलाच वाटतो.

तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे, त्यालाच एकरुख तलाव म्हणतात, इंग्रजांच्या काळातला. नोव्हेंबरनंतर सकाळी सातला तिथं जाऊन काठाच्या चिखलावर नजर ठेवून बसायचं. शेकाट्या लगेच कळतो, काडीसारखे लांब गुलाबी पाय. मग तुतवार, शेपटीचा भाग सारखा वरखाली हलवणारा. मग टिलवे, हिरव्या पायाचा आणि लाल पायाचा. छोटा चिखल्या, जो पळतो, थांबतो, पळतो, थांबतो. आणि लिटल स्टिंट, चिमणीएवढा, शिलाई मशीनच्या सुईसारखा चिखलात टकटक करणारा. हे पाच-सहा जण पक्के झाले की तुम्ही निम्मी लढाई जिंकलात.

उजनीला मात्र एकदा तरी जाऊन याच. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगाव-डिकसळपासून इकडं आपल्या करमाळा तालुक्याच्या बाजूपर्यंत, हिवाळ्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब येतात, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक येतात. पण माझ्या हिशेबानं तिथं रोहितापेक्षा कुरव (गल) आणि सुरय (टर्न) जास्त बघावेत, कारण समुद्रावर तेच गाठायचेत. नावेतनं फिरताना सगळे जण रोहिताकडं कॅमेरा रोखून असतात, तेव्हा तुम्ही नावेमागं घिरट्या घालणारा तपकिरी डोक्याचा कुरव नीट बघून घ्या. हिवाळ्यात त्याचं डोकं तपकिरी नसतंच, पांढरं असतं आणि कानामागं एक काळसर ठिपका, नावावर जाल तर फसाल.

घरी वहीत एवढं लिहायची सवय लावा: आकार (चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा), चोच डोक्याच्या लांबीच्या किती पट आणि ती सरळ की वाकडी, पायाचा रंग, आणि तो करतोय काय. पिसांचा रंग सगळ्यात शेवटी. हे पक्षी हिवाळ्यात बहुतेक मातकट-राखाडी असतात, रंगावर गेलात की संपलं.

तारीख काढायचा हिशेब

आता मुख्य मुद्दा, इथं जरा वेळ घालवा.

चिखलात राहणारे किडे, शिंपले, खेकडे हे या पक्ष्यांचं खाणं. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी लांबवर पसरून खात बसतात. भरती चढायला लागली की त्यांच्या पायाखालची जागा कमी कमी होत जाते, ते मागं मागं सरकत किनाऱ्याकडं येतात आणि शेवटी वाळूच्या एखाद्या कोरड्या पट्ट्यावर सगळे दाटीवाटीनं उभे राहतात, एका पायावर, चोच पाठीत खुपसून. म्हणजे आपल्याला कुठंच जायचं नाही. आपण आधी जाऊन गप बसायचं, समुद्रच त्यांना आणून देतो. भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन-अडीच तास हे सोनं. त्यानंतरचा एक तासही चांगला.

दुसरी गोष्ट सूर्य. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागनं येतं आणि पक्ष्यांवर स्वच्छ पडतं. संध्याकाळी सूर्य समोर, मग नुसत्या काळ्या सावल्या दिसतात, इन्स्टाग्रामला बरं दिसतं पण पायाचा रंग कसला कळतोय. म्हणून आपल्याला पाहिजे सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला पूर्ण होणारी भरती.

ती कुठल्या दिवशी येते? कोकणातल्या जुन्या लोकांचा एक हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी म्हणजे आठ, आठाचे पाऊणपट सहा, तर सहाला भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब एकच, आणि सकाळी जी वेळ तीच साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा. आता माझा तो पहिला दिवस बघा. संकष्टी होती. चतुर्थी, चार पाऊणे तीन, पहाटे तीनला भरती म्हणजे सव्वानऊला पूर्ण ओहोटी, आणि मी साडेनऊला हजर! घरी आई उपवास करून बसली होती, कॅलेंडर समोर भिंतीवर होतं, आणि मी मोबाईलवर हवामान बघत होतो.

मग उलटा हिशेब करा. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. हे तीन दिवस आपले. म्हणजे एकादशीला निघायचं, प्रवास उरकायचा, द्वादशी आणि त्रयोदशीच्या सकाळी किनाऱ्यावर. महिन्यातनं दोनदा हा योग येतो. आमच्याकडं आता आई म्हणते, जन्मात एक एकादशी धरली नाही आणि आता बोटावर मोजतोय.

हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, तिथी कधी दुपारीच बदलते, आणि खाडीच्या आत जितकं जाल तितकी भरती उशिरा पोचते. म्हणून तारीख तिथीवरनं ठरवा आणि निघायच्या आधी भरती-ओहोटीच्या एखाद्या अ‍ॅपवर जवळच्या बंदराची नेमकी वेळ बघून घ्या. त्यात पाण्याची उंचीही मीटरमध्ये दिलेली असते, ती पण बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, मुंबई-अलिबागकडं पाणी साडेचार मीटरच्या वरही चढतं, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे लहान भरती. उधाणाला सगळी वाळू बुडाली तर पक्षी बसायला जागा नाही म्हणून दुसरीकडंच निघून जातात, भांगाला ते लांबच राहतात. द्वादशी-त्रयोदशी दोन्हीच्या मधली, तो आणखी एक फायदा.

महिना कुठला? पाहुणे ऑगस्टअखेरपासून यायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत असतात. नवीन माणसानं डिसेंबर ते फेब्रुवारी धरावं. मला स्वतःला मार्चचा शेवट आवडतो, गर्दी कमी होते, काही चिखल्यांच्या छातीवर विणीचा तांबूस रंग चढायला लागलेला असतो आणि त्यामुळं ओळख सोपी जाते. ऊन मात्र सोलापूरला लाजवेल असं नसलं तरी दमट असतं, घाम वाळत नाही. एक सूचना, कार्तिकी एकादशीच्या आसपास रत्नागिरीची वाट धरू नका, पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातली गर्दी तुमची भरती खाऊन टाकेल. आणि शनिवार-रविवार शक्यतो नको, किनाऱ्यावर घोडागाड्या आणि त्या चार चाकी मोटारसायकली फिरायला लागल्या की कुठला पक्षी थांबतोय.

जायचं कुठं आणि कसं

आक्षी. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला पाचेक किलोमीटरवर. सपाट, रुंद किनारा, थोडी वाळू थोडा चिखल, त्यामुळं दोन्हीकडचे पक्षी मिळतात. सोलापुरातनं मला सगळ्यात सोपं वाटतं ते असं: रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, सकाळी सीएसएमटीला उतरून टॅक्सीनं गेटवे, तिथनं लाँचनं मांडवा, मांडव्याहून बसनं अलिबाग, पुढं रिक्षा. गाडी घेऊन जाणार असाल तर पुणे-खोपोली-पेण-वडखळ करत जा, किंवा मुंबईत भाऊच्या धक्क्यावरनं रो-रोमध्ये गाडी घालून मांडव्याला उतरा. लाँचमध्ये बाहेरच्या बाजूला बसा, बोटीमागं येणारे कुरव हा फुकटचा क्लास असतो. काही लोक त्यांना वेफर्स-कुरकुरे टाकतात, तुम्ही टाकू नका.

त्याच दिवशी पोचून पक्षी बघायचा हट्ट करू नका. पहिला दिवस पोचण्यात जातो, संध्याकाळी किनाऱ्यावर एक चक्कर मारून जागा हेरून ठेवा, पक्षी कुठल्या टोकाला बसतात ते स्थानिक मंडळींना विचारा. "दादा, पाणी भरलं की पाखरं कुठं बसतात?" एवढं विचारलं की अ‍ॅपमध्ये नसलेली माहिती मिळते.

जाता जाता एक, आक्षीला एक जुना मराठी शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा असल्याचं सांगतात. आणि आपल्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला आहे इ.स. १०१८ चा. पहिला मराठी शिलालेख कुणाचा यावर अभ्यासकांच्यात वाद आहे, सोलापूरकर म्हणून मी बाजू कुठली घेणार ते सांगायला नको, पण तुम्ही तिथल्या माणसांशी भांडू नका, पक्षी कुठं बसतात ते त्यांनाच विचारायचंय.

रत्नागिरी. स्वतःची गाडी असेल तर हे उत्तम. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा. साधारण साडेतीनशे किलोमीटर, सगळा एकच राष्ट्रीय महामार्ग, १६६ नंबरचा. घाट अंधारात उतरू नका. काजळी नदी समुद्राला मिळते तिथं भाट्याची खाडी आणि भाट्याचा किनारा आहे, खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यांवर कुरव-सुरय बसतात. आणि मिरकरवाडा बंदरात मासे उतरवायच्या वेळेला जा, वासाची तयारी ठेवा, पण कुरव इतक्या जवळनं कुठं दिसत नाहीत. ब्राह्मणी घारी तर डोक्यावरनंच जातात. रत्नागिरीकडं भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा कमी असतो, त्यामुळं चिखलाचे पट्टेही लहान, छोट्या पाणपक्ष्यांचे मोठे थवे बघायचे तर मी आक्षीच म्हणेन, आणि कुरव, सुरय, समुद्र गरुड यासाठी रत्नागिरी.

ठाणे खाडी. हे मुंबईला लग्नाला वगैरे गेलात तर जोडून करा. २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. ऐरोलीला वनविभागाचं केंद्र आहे तिथनं बोट सुटते, बोटीच्या वेळा भरतीवरच ठरतात आणि आधी बुकिंग लागतं. लहान रोहित, म्हणजे गर्द लाल चोचीचा, उजनीला जो सहसा दिसत नाही, तो इथं हजारोंनी.

किनाऱ्यावर गेल्यावर

भरतीच्या अडीच तास आधी जागेवर पाहिजे. सूर्य पाठीशी घ्या, पाण्याच्या रेघेपासून शंभरेक पावलं मागं, आणि बसा. उभा माणूस पक्ष्याला लांबनं कळतो, बसलेला माणूस थोड्या वेळानं दगडासारखा वाटायला लागतो. एक छोटं घडीचं स्टूल न्या, ओल्या वाळूवर दोन तास बसून बघा म्हणजे कळेल का सांगतोय. बोलणं कमी, हात वर करून दाखवणं बंद. सगळे पक्षी एकदम मान ताठ करून उभे राहिले तर तुम्ही जास्त जवळ गेलात, तिथंच थांबा किंवा दोन पावलं मागं या. उडाले तर चूक आपली. हे पक्षी सैबेरिया, मंगोलिया, तिबेटाकडनं अंगातली चरबी जाळत आलेले असतात, परत जायला तीच पुन्हा साठवायची असते, आणि आपल्या एका फोटोपायी ते दहा वेळा उडाले तर त्यांची सकाळ वाया.

थवा वाचायची पद्धत: डावीकडनं सुरू करा, एकेक पक्षी, उजवीकडं. घाईनं इकडंतिकडं दुर्बीण फिरवू नका. मनात नावं घेत जा, चिखल्या, चिखल्या, चिखल्या, स्टिंट, चिखल्या... आणि जिथं जीभ अडखळते तिथं थांबा. आक्षीसारख्या ठिकाणी त्या लांबलचक यादीत बहुसंख्य सँड प्लोव्हर असतात, म्हणजे लहान आणि मोठा असे दोन चिखल्ये. लहान्याचं अलीकडं नाव बदललंय, आपल्याकडचा तो आता टिबेटन सँड प्लोव्हर. मोठ्याची चोच लांब, जाडजूड, पाय लांब. एकटा दिसला तर मीही अजून गडबडतो, शेजारीशेजारी दिसले तर लगेच कळतं.

लाटेच्या पुढंमागं खेळण्यातल्या गाडीसारखा पळणारा पांढुरका पक्षी दिसला की तो सँडरलिंग. पाठ मिरच्या वाळत घातल्यासारखी तांबडी, तिच्यावर काळे पट्टे असा दगड-शिंपले उलथवणारा तो टर्नस्टोन म्हणून शोधायला जाल तर हिवाळ्यात फसाल, तेव्हा तो मळकट तपकिरी असतो, पोट पांढरं, पाय मात्र नारिंगी, आणि शिंपला उलथवायची सवय बदलत नाही. वर वळलेली चोच आणि आखूड पिवळसर पाय, शिवाय कुणीतरी पाठीला लागल्यासारखा पळणारा, तो टेरेक सँडपायपर. राखाडी चिखल्या म्हणजे ग्रे प्लोव्हर उडाला की काखेत काळा डाग दिसतो, ती त्याची सही, दुसऱ्या कुठल्या चिखल्याची नाही.

उजनीवर पाणटिवळा बघितला असेल तर त्याची चोच सरळ आणि उडताना पंखावर ठळक पांढरा पट्टा. समुद्रावर तसाच पण चोच किंचित वर वळलेला, पंखावर पट्टा नसलेला दिसला तर श्वास रोखा, तो बार-टेल्ड गॉडविट. याच जातीच्या एका पिल्लानं २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत कुठं न थांबता अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर उड्डाण केल्याची उपग्रहावरनं नोंद झाली आहे. आपल्याकडं येणारे वेगळ्या वाटेनं येतात, पण बिरादरी तीच.

काळा-पांढरा, लांब नारिंगी-लाल चोचीचा ऑयस्टरकॅचर मात्र कुणीही ओळखेल. आक्षीचा तो हिरोच आहे, बरेच लोक त्याच्यासाठीच येतात. शिंपल्याच्या फटीत चोच घालून तो कसा उघडतो ते बघायला मिळालं तर कॅमेरा बाजूला ठेवून बघा.

आणि ग्रेट नॉट. सँड प्लोव्हरच्या गर्दीत एक दीडपट मोठा, जाडसर अंगाचा, छातीवर ठिपके, चोच लांब आणि टोकाला जराशी खाली झुकलेली असा दिसला तर घाई न करता नीट बघा. ईशान्य सैबेरियात याची वीण होते आणि जागतिक यादीत तो धोक्यात आलेल्यांमध्ये आहे. पूर्व आशियात पिवळ्या समुद्राच्या काठी त्याचे खाऊन-पिऊन ताजेतवाने व्हायचे चिखल होते, त्यातला मोठा भाग भराव टाकून गेला, दक्षिण कोरियात २००६ मध्ये सुमारे ३३ किलोमीटरची एक भिंत बांधून पूर्ण झाली आणि तिच्या आतला चिखलच संपला. त्यानंतर याची संख्या घटली. आपल्याला चिखल म्हणजे रिकामी जागा वाटते, त्याच्यासाठी तो ढाबा आहे, आणि ढाबा बंद म्हणजे पुढचा प्रवास बंद.

कुरवांच्या नादाला पहिल्या ट्रिपला लागू नका, हा माझा कळकळीचा सल्ला. मोठे कुरव पूर्ण वाढायला तीन-चार वर्षं घेतात आणि दरवर्षी कपडे बदलतात, जाणती माणसंही त्यावर तासन्‌तास वाद घालतात. फोटो काढा, घरी जाऊन भांडा. सुरय मात्र बघा, चोचीवरनं निम्मे सुटतात: भली मोठी लाल चोच म्हणजे कॅस्पियन, काळी चोच आणि टोकाला पिवळा ठिपका म्हणजे सँडविच टर्न, नारिंगी चोच म्हणजे लेसर क्रेस्टेड, पिवळसर आणि अंगानं थोराड म्हणजे ग्रेटर क्रेस्टेड.

काहीतरी जगावेगळं दिसलं असं वाटलं तर हा क्रम ठेवा. आधी लांबनंच फोटो, कसाही आला तरी चालेल. मग वहीत वर्णन, मोबाईलवर चित्रं बघायच्या आधी, कारण एकदा चित्र बघितलं की जे दिसलं नव्हतं तेही दिसल्यासारखं वाटायला लागतं. उडताना पंख आणि शेपटी कशी दिसते त्याची वाट बघा, पण दगड मारून उडवू नका, हसू नका, लोक मारतात. पायात अंगठी किंवा रंगीत फ्लॅग दिसला तर रंग, कुठला पाय, वर की खाली, अक्षरं, सगळं टिपून बीएनएचएसला म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, मुंबईची ही संस्था १८८३ पासूनची आहे आणि पक्ष्यांना अंगठ्या घालायचं काम तिनं मोठ्या प्रमाणावर केलंय. आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाका, दुर्मिळ नोंद असेल तर तपासणारे पुरावा मागतात, त्याचा राग मानू नका. माझी एक "क्रॅब प्लोव्हर" अशीच शेकाट्या निघाली होती, लांबनं, तळपत्या उन्हात, मनात इच्छा असली की काय काय दिसतं.

सामान

दुर्बीण ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ (पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं ते). समुद्रावर अंतर जास्त म्हणून दहाची बरी, हात थरथरत असेल तर आठची. चार जण मिळून एक स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं लांबचं बघायची मोठी दुर्बीण) आणि ट्रायपॉड जमवा, ज्याला किनाऱ्याचेच पक्षी करायचेत त्यानं मोठ्या लेन्सआधी स्कोप घ्यावा असं माझं मत. मातकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी भरपूर. पायात पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट, अनवाणी अजिबात नाही, कालवांची कडा ब्लेडसारखी कापते. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, चार दिवस काही होत नाही आणि किनाऱ्यावरच्या खारट वाऱ्यात त्याची चव वेगळीच लागते, फक्त डबा उघडा ठेवून बसू नका, कावळे ताटातनं नेतात.

सुरक्षेचं एकच पण महत्त्वाचं. खाडीच्या तोंडाशी वाळूचे उंचवटे असतात, ओहोटीत चालत जाता येतं, आणि भरती आधी तुमच्या मागच्या सखल भागात शिरते. तुम्ही पुढं पक्षी बघताय आणि मागं कमरेएवढं पाणी. म्हणून पाणी चढत असताना कधीही उंचवट्यावर जायचं नाही. मऊ चिखलात पाय घोट्याच्या वर गेला की तिथनंच परत, हिरोगिरी नको, आणि एकट्यानं तर नकोच.

पावसाळ्याची एक तळटीप, जून ते ऑगस्टमध्ये जोराच्या पश्चिमी वाऱ्यानं खोल समुद्रातले पक्षी, बूबी, फ्रिगेटबर्ड, काळसर पाठीचे सुरय, कोकण किनाऱ्यावर फेकले जातात. एरवी आयुष्यात दिसणार नाहीत असे. पण ते बहुतेक दमलेले, कधी जखमी असतात. असा पक्षी वाळूवर सापडला तर त्याला उचलून परत समुद्रात टाकू नका, तोंडात मासे कोंबू नका. खोक्यात, सावलीत, शांत ठेवा, कुत्र्यांना लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

परत निघायच्या आधी लॉजवरच अर्धा तास काढा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसा, दुर्बिणीवरची वाळू आधी फुंकून किंवा ब्रशनं काढा आणि मगच कापड लावा, नाहीतर काचेवर चरे पडतात. खारं पाणी सोलापूरला पोचेपर्यंत वाळतं आणि ट्रायपॉडचा स्क्रू असा धरतो की पुढच्या एकादशीला तो उघडायला चावडीवरच्या फिटरकडं न्यावा लागतो, मी नेलाय.